हात पुढे करा

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खाली जातं असा मानसिक आजार. त्यावरची लिथियमची गोळी सुरू होऊन २०२० मध्ये सहा वर्षं झाली होती आणि गाडी चांगली रुळावर होती. करोनाचा विषय निघाला की लोक ऑक्सिजन, बेड, लस सगळं बोलतात, पण ज्यांची मानसिक आजाराची ट्रीटमेंट आधीपासून चालू होती त्यांचं मधल्या काळात काय झालं हे फारसं कोणी विचारत नाही, म्हणून लिहितेय.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि माझी अपॉइंटमेंट त्या महिन्याच्या शेवटी होती. ओपीडी बंद, फक्त इमर्जन्सी, असा मेसेज आला. आता इमर्जन्सी म्हणजे काय? मी उठत बसत होते, बोलत होते, घरातली कामं करत होते, म्हणजे मी इमर्जन्सी नाहीच ना. पण लिथियम ही नुसती गिळून विसरायची गोळी नाही, रक्तातली लेव्हल बघत राहावं लागतं, शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, थायरॉइड आणि किडनीच्या टेस्टही ठराविक काळाने असतात. कमी पडली तर आजार उलटतो, जास्त झाली तर अंगात विष होतं, आणि या दोन्हीमधलं अंतर फार थोडं आहे. माझी टेस्ट पाच महिने झालीच नाही.

मग फोनवरून कन्सल्टिंग सुरू झालं. माझ्या डॉक्टर मॅडमनी वेळ काढून फोन केला याचे उपकार मी विसरणार नाही. पण घरात सगळे चोवीस तास, भिंतीपलीकडे सासूबाई, मुलाचा ऑनलाइन क्लास चालू, मी काय बोलणार? "झोप कशी आहे?" "बरी आहे मॅडम." "विचार फार येतात का?" "नाही मॅडम." सगळी खोटी उत्तरं. पुढच्या वेळेपासून मी गच्चीत जाऊन बोलायला लागले, तिथे रेंज जायची पण निदान रडता यायचं.

खरी गडबड जूनमध्ये झाली. मी रात्री तीन तास झोपत होते आणि सकाळी फ्रेश वाटत होतं, कपाटं आवरत होते, पहाटे चारला लोकांना लांबलचक मेसेज पाठवत होते. एरवी असं झालं असतं तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. पण तेव्हा सगळ्यांचीच झोप उडालेली, सगळेच काहीतरी आवरत बसलेले, त्यामुळे माझं कोणाच्या लक्षातच आलं नाही. ओळखलं ते माझ्या धाकट्या बहिणीने, तेही फोनवरच, म्हणाली ताई तू मला वाक्य पुरं करू देत नाहीयेस, आज मॅडमना फोन कर, नाहीतर मी करते. तिनेच केला. डोस बदलला आणि तेव्हापासून माझ्या झोपेची वही ती ठेवायची, रोज सकाळी फोन करून किती वाजता झोपलीस, किती वाजता उठलीस, आणि महिन्याच्या कॉलला तीही लाइनवर असायची. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी हे जरूर करावं, पेशंटला स्वतःची चढती वेळ कळत नाही हो, तेव्हा तर सगळ्यात छान वाटत असतं.

ऑगस्टमध्ये मलाच ताप आला. अंगदुखीसाठी घरात आयब्युप्रोफेन होती, तीच घेणार होते, बहिणीने आधी विचार म्हटलं म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या अजिबात नको, तिने लिथियम वाढतं, पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, मीठ बंद करू नका, आणि उलट्या-जुलाब लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली तर माझ्या फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा. लिथियमवर असाल तर हे आपापल्या डॉक्टरांना तब्येत बरी असतानाच विचारून ठेवा. तापात लॅबवाले रक्त घ्यायला तयार नव्हते, बरी झाल्यावर घेतलं, लेव्हल १.१ आली. माझी एरवी ०.७ असते. पायाखालची जमीन सरकली.

नंतर वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांकडे चौकशी केली तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या सेवा कुठे ना कुठे बंद किंवा विस्कळीत झालेल्या होत्या, आणि पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे गरज वाढली आणि दारं नेमकी तेव्हाच बंद. फोन कन्सल्टिंगला मी नावं ठेवत नाही, त्यानेच मला तारलं, लांब राहणाऱ्यांना तर ते कायम मिळायला हवं. पण मॅडम दरवेळी माझे हात बघायच्या, लिथियमने कंप येतो ना, तो किती आहे बघायला. व्हिडिओवर मी हात कॅमेऱ्यासमोर धरायचे तर चित्रच थरथरायचं, हात की नेट ते दोघींनाही कळायचं नाही.

जानेवारीत पहिल्यांदा समोर बसले. दोघींच्या तोंडाला मास्क, मध्ये प्लास्टिकचा पडदा. मी खुर्चीत टेकले आणि त्या म्हणाल्या, "हात पुढे करा." मी केले.