तुम्ही विचारलंत म्हणून: लेखाखाली नाव का नसतं?

बायकांचं आयुष्य एवढं उघडपणे छापता, मग लेखाखाली नाव का नाही? प्राध्यापक विचारतात, मुलींचे पालक विचारतात, परवा छापखान्यातल्या काकांनीही विचारलं. "खरं असेल तर नाव द्यायला कसली भीती?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. भीती कसली ते मी पाहिलंय.

कॉलेजच्या आमच्या अंकाचं ते तिसरं वर्ष. वसतिगृहात माझ्याच मजल्यावर राहणाऱ्या बीडकडच्या मैत्रिणीनं आईची हकीकत लिहून आणली, वहीची नऊ पानं. आईवडील ऊसतोडीला जातात, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला नवराबायकोची जोडी एकच धरतात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, आधीच अंगावर, त्यात पाळीच्या दुखण्यानं खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. डॉक्टर म्हणाला, गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आई तेव्हा सव्वीस वर्षांची. एकाच महिन्यात घरातल्या तिघी जावांच्या पिशव्या काढल्या.

शेजारी आम्ही चौकट टाकली: 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली.

प्रूफ तपासताना आईचं नाव मीच लाल पेनानं खोडलं. गावाचंही. 'तिघी जावा' मात्र ठेवलं, कारण तेच काढलं तर लेखात उरतं काय? अंक मार्चमध्ये आला. पुढे कुणीतरी ते पान मोबाइलवर फिरवलं आणि मुकादमानं 'तिघी जावा'वरूनच घर ओळखलं. पावसाळ्यात त्यानं नव्या हंगामाची उचल अडवून धरली. मैत्रिणीच्या खानावळीचे दोन महिने थकले.

मी माफी मागायला फोन केला. आईनं मुकादमाचा विषयच काढला नाही. लेकीनं मार्चमध्येच ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर जाऊन तिला लेख वाचून दाखवला होता. "माझं नाव कुठंय त्यात?" तिनं विचारलं. मी तुमच्याच काळजीपोटी वगैरे बोलू लागले. ती म्हणाली, "पिशवी काढताना कुणी इचारलं न्हाई. नाव काढताना तुम्हीबी न्हाई इचारलं."

फोन ठेवल्यावर मी ते प्रूफ शोधून काढलं. लाल रेघा इतक्या दाबून मारल्या होत्या की खालचं नाव वाचताच येईना.

पहिल्या अंकाच्या संपादकीयात मीच मुक्ता साळवेबद्दल लिहिलं होतं. फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी, 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते, तोही नावानिशी. मग आपण का लपायचं, असं मी ठणकावून विचारलं होतं. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, मुक्तानं स्वतःचं नाव पणाला लावलं होतं, आपण दुसऱ्यांची नावं लावायला निघालो होतो. पण मग लाल पेनही दुसरीच्याच नावावर चाललं ना? इथे मी अडकते.

आता आम्ही जिची हकीकत तिलाच विचारतो. लेकीला विचारून भागवत नाही. गेल्या अंकात अकरा लेख होते, चार नावानिशी छापले. उरलेल्या सात जणींना भित्र्या म्हणू नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगते.

तो लेख नावासकट पुन्हा छापायचं ठरवलं होतं. आई म्हणते, छापाच. पण तिचं नाव आलं की बाकीच्या दोघी आपोआप ओळखू येतात. मधल्या जावेच्या लेकीचं लग्न ठरतंय, ती नको म्हणते. ते पान अजून माझ्या टेबलावरच आहे.