एफ कॉर्ड लागत नाही? आधी खुर्ची बघा

गिटारवर एफ कॉर्ड धरताना पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीपाशी) तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकली की तारा बद्द वाजतात, आणि नवशिका लगेच बोटांना नाहीतर तारांना दोष देतो. तारा फार उंच असतील तर त्या जाचतातच. पण पुष्कळदा घोळ बैठकीत असतो. करून बघा: नेहमीसारखे बसा, उजवा हात गिटारवर राहू द्या आणि डावा नेकवरून, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरून, काढून घ्या. नेक खाली झुकली, म्हणजे इतका वेळ डावा हात ओझं वाहत होता. त्या हातानं बारे, म्हणजे ती आडवी तर्जनी, दाबायची कशी?

खुर्ची बिनहाताची हवी. घरोघरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात कोपराला आणि गिटारला लागतात, शिवाय तिची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे पाठीला पोक येतो. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची चांगली. उंची साधारण ४५ सेंटिमीटर, बुटक्या माणसाला ४० सुद्धा चालेल. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि गुडघा कंबरेच्या पातळीत हवा. गुडघा खाली गेला की गिटार मांडीवरून पुढे घसरते, मग ती अडवायला आपण टाच उचलून चवड्यावर येतो आणि थोड्याच वेळात पोटरी भरून येते. बसायचं खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात, टेकून नाही.

पलंग, सोफा नकोच, बूड रुततं. जमिनीवर मांडी घातली तर डावा गुडघा नेकच्या आड येतो. विश्वमोहन भट्ट मांडी घालूनच वाजवतात, पण त्यांची मोहनवीणा, म्हणजे गिटारचंच बदललेलं रूप, मांडीवर आडवी असते आणि तारांवरून सळई फिरते. तिथे बारेचा प्रश्नच नाही.

सगळ्यात जास्त नडते ती एक खोड: फ्रेटबोर्ड (नेकची तारांखालची बाजू) दिसावा म्हणून गिटारचं तोंड वर वळवायचं. तसं केलं की नेक पुढे जाते, अंगठ्याला वळसा घालून मागे पोहोचावं लागतं, मनगट काटकोनात दुमडतं आणि बोटांतला जोर निघून जातो. गिटार उभीच ठेवा. नेकच्या वरच्या कडेला ३, ५, ७, ९ आणि १२ व्या फ्रेटपाशी बारीक ठिपके असतात, ते त्यासाठीच. क्लासिकल (नायलॉनच्या तारांच्या) गिटारवर बहुधा नसतात. ७ व्या फ्रेटपाशी नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो. नेकचं टोक खांद्याच्या आसपास आलं, की मनगट आपोआप सरळ होतं.

टोक तेवढं वर आणायला क्लासिकलवाले गिटार डाव्या मांडीवर घेतात आणि डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंटिमीटरचं स्टूल ठेवतात. पाट त्याला बुटका पडतो. तीन इंची दोन विटा एकावर एक ठेवून वर पायपुसणं टाकलं की काम भागतं. मात्र एकच पाय वर राहिल्यानं कंबर तिरकी होते, तासाभराने पाठ बोलते. एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश गिटारवादक दियोनिसिओ आग्वादोनं यावर गिटारसाठी तीन पायांचा स्टँडच केला होता. आता मांडीवर बसणारे, रबरी कप गिटारला चिकटवायचे सपोर्ट मिळतात. रियाज झाला की ते काढून ठेवा, पॉलिशवर डाग उठतो.

अकूस्टिकवाल्यांना (स्टीलच्या तारांची गिटार वाजवणाऱ्यांना) मी खांद्यावरचा पट्टाच सुचवेन, बसून वाजवतानासुद्धा. बसल्यावर तो ताणलेला राहील एवढाच लांब ठेवायचा. पट्ट्याची खुंटी फक्त बुडाशी असेल, तर दुसरं टोक नाडीनं हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला), नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, तारांच्या खालून बांधा. तारा पिळायच्या खुंट्यांना बांधू नका, सूर हलतो.

उजव्या हाताला मुंग्या येत असतील तर गिटारची कड कुठे रुततेय ते पाहा. डबा जाड असला की कोपर वर उचललं जातं आणि सगळा भार त्या कडेवर येतो. हात थोडा मागे, कोपराच्या जरासा अलीकडे टेकवा आणि खांदा सोडा. दर २०-२५ मिनिटांनी उठा. मोबाईल गादीवर ठेवून कॉर्ड बघू नका; तो डोळ्यांच्या पातळीत, स्टँडवर नाहीतर समोरच्या कपाटाच्या फळीवर.