अण्णांचा लॅपटॉप आणि पीएई नावाची अडचण

आमच्या अण्णांचा लॅपटॉप पहिल्या पिढीतल्या पेंटियम एम प्रोसेसरचा आहे. मेमरी ५१२ एमबी, आणि बॅटरी केव्हाच संपल्यामुळे तो केवळ अ‍ॅडाप्टरवर चालतो. शेताचे हिशेब आणि निवृत्तीनंतरच्या आठवणी त्यावर टंकता याव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती, म्हणून उन्हाळ्यात परभणीला गेलो तेव्हा मी त्यावर हलकी लिनक्स प्रणाली बसवायला घेतली.

पेनड्राइव्हवर घेतलेली पहिली प्रत ६४-बिटची निघाली, आणि हा प्रोसेसर ३२-बिटचा. ती माझीच घाई. ३२-बिटची प्रत लावली, तर तीही थांबली आणि काळ्या पडद्यावर, प्रोसेसरमध्ये नसलेल्या वैशिष्ट्यांच्या यादीत, ‘पीएई’ एवढा एकच शब्द दिसला. दुकानदाराने आधी मदरबोर्ड गेल्याचे सांगितले होते, पण बिघडलेल्या मदरबोर्डवर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, इतके नेमके कारण सांगण्यापर्यंत पोहोचलाच नसता.

३२-बिट यंत्रांना ४ जीबीपलीकडची मेमरी वापरता यावी म्हणून इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये मेमरीतील जागांच्या पत्त्यांची लांबी ३६ बिटांपर्यंत नेली. ही सोय म्हणजे पीएई (फिजिकल अ‍ॅड्रेस एक्स्टेन्शन). आमच्या यंत्राला एवढ्या मेमरीशी काही देणेघेणे नाही, परंतु मेमरीच्या एखाद्या पानातून (तुकड्यातून) आज्ञा चालवण्यास मनाई करणारी एनएक्स ही सुरक्षेची खूण पीएईच्या पत्त्यांच्या तक्त्यांतच बसते, आणि पुढे लिनक्सच्या अनेक वितरणांनी (तयार आवृत्त्यांनी) पीएईविना चालणारा कर्नल देणेच थांबवले. खरी मौज पुढे आहे: २००३ साली आलेल्या बनियास पिढीच्या पेंटियम एममध्ये ही सोय प्रत्यक्षात असते, फक्त प्रोसेसर ती असल्याचे कर्नलला कळवत नाही. एवढ्या एका न उच्चारलेल्या होकारापायी चांगली यंत्रे भंगारात गेली असतील, याचे मला फार वाईट वाटते.

यावर उपाय एका शब्दाचा आहे. सुरुवातीच्या मेनूत टॅब दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘फोर्सपीएई’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिला, आणि दोन मिनिटांत डेस्कटॉप समोर आला. स्थापना अर्ध्यावर असताना लाईट गेली, त्यामुळे सगळे पहिल्यापासून करावे लागले. बॅटरी नसलेल्या यंत्रासाठी इन्व्हर्टरची जोडणी आधीच करून ठेवायला हवी होती.

रात्री स्थापना पूर्ण झाली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पुन्हा तोच पीएईचा संदेश. अण्णा शेजारीच बसले होते. “अरे, आत्ता तर चालत होतं, मग आता का अडलं?” असे त्यांनी विचारले, आणि उत्तर त्या प्रश्नातच होते: शब्द मी पेनड्राइव्हच्या मेनूत लिहिला होता, हार्डडिस्कवर बसलेल्या प्रणालीला त्याचा पत्ताच नव्हता. ग्रब, म्हणजे हार्डडिस्कवरची प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, याच्या मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत तो एकदा घातला, यंत्र सुरू झाल्यावर ग्रबच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये कायमचा नोंदवला आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवली. त्यानंतर यंत्र तीनदा बंद करून चालू केले. तिन्ही वेळा ते न अडखळता उठले, आणि चौथ्यांदा बटण अण्णांनी स्वतः दाबले.