एकाच फडाचा प्रकल्प

पोळा झाला की आमच्या भूगोल विभागात विषयवाटप होतं. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या तिसऱ्या सत्राला संशोधन प्रकल्पाचे 4 क्रेडिट दिले, चौथ्याला 6. पूर्वी पीएच.डी.वाल्यांपुरती असलेली डोकेदुखी आता सगळ्या वर्गाच्या मागे लागली. आमचं कॉलेज धुळे जिल्ह्यातलं, बहुतेक पोरं एसटीने येणारी. शीर्षकं मात्र मंत्रालयाने समिती नेमावी अशी: 'महाराष्ट्रातील दुष्काळ : एक चिकित्सक अभ्यास', 'खानदेशातील नागरीकरण : समस्या व उपाय'. 'समस्या व उपाय' दिसलं की मी सरळ काट मारतो. समस्याच नीट कळायला वर्ष जातं, उपाय कसले सांगताय?

त्या दिवशी साक्रीकडची एक मुलगी 'हवामान बदलाचा महाराष्ट्रातील शेतीवरील परिणाम' घेऊन आली. मी नेहमीचं विचारलं, आकडे कुठून आणणार? "हवामान खात्याचे मिळतात सर, नेटवर." आणि शेतीचे? कोणत्या पिकाचे, कोणत्या तालुक्याचे? ती गप्प. मग शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, तिच्याच शीर्षकाचे शब्द टाकायला लावले. प्रबंधांची यादी खाली खाली सरकत राहिली, तसा तिचा चेहरा उतरला.

"विचार करून पुढच्या आठवड्यात ये," म्हटलं, तर म्हणाली, "पुढच्या आठवड्यात नाही जमणार सर. पाट साफ करायचाय. बाबा पाटकरी आहेत, त्यांना माणसं कमी पडतात."

मी पेन खाली ठेवलं.

पांझरा नदीवरची फड पद्धत आम्ही वर्गात शिकवतो. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो. तीनचारशे वर्षांची व्यवस्था, पण परीक्षेत पाच मार्कांची टीप. आणि पाटकऱ्याची मुलगी माझ्यासमोर बसून महाराष्ट्राच्या हवामानाबद्दल बोलत होती.

मात्र 'फड पद्धतीचा अभ्यास' हाही विषय झाला नसताच. त्यावर भरपूर लिहून झालंय. मी विचारलं, तुमच्या फडात अजून एकच पीक असतं का? ती हसली. "कुठलं सर! ज्याची विहीर त्याचं पीक. आमच्या शेजारी गहू, पलीकडे कांदा." म्हणजे विहिरीवाला पाटाच्या पाळीवर अवलंबून राहत नाही. मग एक पीक घ्यायचा नियम त्याने का पाळावा? प्रश्न इथे होता.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी मध्येच म्हणाले, "पाणीचोरीवर करू दे की! बाप पाटकरी, सगळी माहिती घरात." कल्पना चमचमीत होती, पण मला पटेना. बाबांमुळे हिला घरोघर चहा मिळेल, यात शंका नाही. पण रात्री चारी कोणी फोडली, हे पाटकऱ्याच्या पोरीला कोण सांगेल? आणि कोणी सांगितलंच, तर ते प्रकल्पात छापून आल्यावर बाबांनी गावात वावरायचं कसं? ओळखीमुळे दार उघडतं आणि तोंड बंद होतं. विषय ठरवताना हे कोणी बघतच नाही.

"लोकांना विचारून कळेल ते सोड," मी म्हटलं, "पायी फिरून मोजता येईल ते घे." मग आम्ही कागदावर उतरवलं. एकच फड, एकच रब्बी हंगाम. तलाठ्याकडून गटनकाशा घ्यायचा, बांधाबांधाने फिरायचं, प्रत्येक गटात कोणतं पीक उभं आहे आणि विहीर किंवा बोअर आहे का, ते मांडायचं. पाटाच्या तोंडाशी असलेले गट आणि शेपटाकडचे गट यांत विहिरी कुठे जास्त, आणि विहिरीवाल्यांचंच पीक वेगळं आहे का, एवढंच तपासायचं. 2021 पासून ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतकऱ्याने सरकारी ॲपवर केलेली पिकाची नोंद, ती ताडून बघायला ठेवायची. ॲपमधली नोंद आणि शेतातलं पीक नेहमी जुळतंच असं नाही, म्हणून मुख्य आधार आपल्या डोळ्यांचा.

"एवढंसंच?" ती म्हणाली. सहकाऱ्यांचाही तोच प्रश्न होता, जरा वेगळ्या सुरात. प्रकल्प तपासणाऱ्या समितीसमोर हे फिकं दिसेल, अशी त्यांना भीती. मला विचाराल तर एका फडाचा खरा नकाशा अख्ख्या राज्याबद्दलच्या शंभर उसन्या पानांपेक्षा परवडला. समितीला सांगायची जबाबदारी मी घेतली.

शीर्षक मी तिलाच लिहायला लावलं. तिने लिहिलं: 'पांझरा काठावरील एका फडातील विहिरी व पीकनिवड'. पुढे सवयीने 'एक अभ्यास' आलं होतं, ते तिनेच खोडलं.

दारापर्यंत जाऊन ती परत आली. "सर, आमच्याकडे दोन भावांत एक विहीर असते. विहीर एकाच्या गटात, पाणी दोघांचं. मग दुसऱ्याला विहीरवाला धरायचं की नाही?"

म्हटलं, पाट साफ करून झाला की पहिलं काम हेच. अशा जोड्या किती आहेत ते आधी मोज, मग बसून ठरवू.