दाताच्या दवाखान्यात मुक्काम

"मामा, तू झोपलास ना, तिथं कदाचित दात उपटायची खुर्ची असेल," भाच्यानं सकाळी चहाचा कप हातात देत सांगितलं. माझा हात आपोआप गालाकडे गेला.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या डाउनटाउनमधली ही १९ मजली डेव्हिड व्हिटनी बिल्डिंग. १९१५ साली उघडली तेव्हा तिच्यात मुख्यतः डॉक्टरांचे आणि दंतवैद्यांचे दवाखाने होते. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं असलेलं हे शहर २०२० पर्यंत ६ लाख ३९ हजारांवर आलं. माणसं गेली, दवाखाने गेले, २००० साली इमारतीला कुलूप लागलं. २०१४ च्या डिसेंबरात ती पुन्हा उघडली तेव्हा त्यात हॉटेल आणि राहती घरं होती. शहरानं दिवाळखोरी जाहीर केली त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

भाचा घरकर्ज देणाऱ्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो, तेही बहुतेक दिवस घरूनच. म्हणजे लोक जिथं फक्त कामाला यायचे, तिथून हा कामासाठीसुद्धा बाहेर पडत नाही.

मी मात्र पहाटे चारपासून टक्क जागा. खाली उतरलो आणि पांढऱ्या टेराकोटाच्या त्या चार मजली उंच चौकात लिफ्टकडे तोंड करून बसलो. रिकामटेकड्याला तेवढाच उद्योग. साडेपाचला निळ्या स्क्रबमधली नर्स घाईघाईनं बाहेर पडली. सहाला काळं जाकीट घातलेला एक तरुण उलट आत आला. कॅसिनोत रात्रभर पत्ते वाटून आलेला. मग फायलींची बॅग ओढत एक वकीलबाई. नऊला खरी गर्दी होईल म्हणून सरसावून बसलो, तर लिफ्ट गप्प. दहाच्या सुमारास सपाता घातलेली मंडळी कॉफीसाठी खाली आली, तेव्हा उलगडा झाला: यांचं ऑफिस कधीच सुरू झालं होतं, वरच.

संध्याकाळी माझे अंदाज भाच्यानं तपासले. निम्मे चुकले. ज्याला मी प्राध्यापक ठरवलं होतं, तो बारमध्ये कॉकटेल बनवतो.

निघायच्या दिवशी बॅगेचं चाक निखळलं. भाच्याकडे पाना नाही, समोरच्या डिझायनरकडे नाही, वकीलबाईंकडे तर नाहीच. जगाला मोटारीत बसवणाऱ्या शहरात चाक बसवायला कोणी मिळेना! शेवटी इमारतीची देखभाल करणारे एक काका हत्यारांची पेटी घेऊन आले. दोन मिनिटांचं काम. वडील मोटारीच्या कारखान्यात होते म्हणाले.

"तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?" मी विचारलं.

ते हसले, घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहाची बस चुकली तर पुढच्या बसची फार वाट बघावी लागते, म्हणाले.