दुबईचा रात्रीचा थांबा आणि अनारशांवरची खसखस

खान्देशातून परदेशी निघालेल्या माणसाचं जागरण विमानतळाच्या बरंच आधी सुरू होतं. अमळनेर, नंदुरबारकडचे लोक खान्देश एक्स्प्रेस धरतात, जळगाव-भुसावळचे मिळेल ती रात्रीची गाडी. पहाटे मुंबई, दिवसभर डोंबिवलीच्या कुणा भाच्याकडे गप्पा आणि संध्याकाळी विमान. पुढे दुबईला आठ-दहा तासांचा थांबा असला, की सलग दुसरी रात्र डोळ्याला डोळा नाही. म्हणून सुट्टीत मुलांकडे कॅनडाला येणाऱ्या आई-वडिलांना मी आधी हेच सांगतो: मुंबईत एक दिवस आधी पोचा आणि एक रात्र सरळ झोपा. दुबईत झोप मिळेल या भरवशावर निघू नका.

दुसरी गोष्ट तिकिटाची. एजंटाला विचारा, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत ना? असतील तर साधारणपणे बॅगा मुंबईहून थेट शेवटच्या गावी जातात, दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच मिळतात आणि मधल्या थांब्यावर फक्त सुरक्षा तपासणी होते. पंधरा-वीस हजार वाचतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडली, तर बहुतेक वेळा बाहेर येऊन बॅगा घ्याव्या लागतात, परत चेक-इन करावं लागतं आणि बाहेर पडायचं म्हणजे व्हिसा आला. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते. तरुण पोरांनी हा जुगार खेळावा, घरच्या वडीलधाऱ्या नाना-जिजींना त्यात ढकलू नये. लंडनमार्गे यायचं असेल तर आणखी एक: भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडासारख्या देशांचा व्हिसा हातात असेल तर त्यातून सूट मिळू शकते, पण ती आपल्याला लागू आहे का, हे तिकीट काढण्याआधी बघावं.

थांबा फारच लांब असेल तर एमिरेट्स या विमान कंपनीची ‘दुबई कनेक्ट’ ही सोय बघून ठेवा. तीत हॉटेल आणि जेवण मिळतं. मात्र कमी थांब्याचं विमान उपलब्ध असताना तुम्ही स्वस्त म्हणून लांबचं निवडलं असेल, तर ती मिळत नाही. शिवाय निघण्याआधी नोंदवावी लागते, दुबईला उतरून मागता येत नाही.

आता पिशवी. आपल्याकडे माणूस परदेशी निघाला की अख्खी गल्ली डबे घेऊन येते. एकीचा ठेचा, दुसरीचं तूप, तिसरीचं लोणचं. हातातल्या बॅगेत द्रव आणि ओलसर पदार्थ 100 मिलीच्या वर चालत नाहीत, आणि तेलात बुडालेला ठेचा त्यांच्या लेखी ओलसरच. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेव, केळीचे वेफर्स खुशाल घ्या. रिकामी बाटली ठेवा, तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून घेता येते.

पण खसखस मात्र हातातल्या पिशवीत नको आणि बॅगेतही नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाचं बी. आपल्या काळ्या मसाल्यात ती असते आणि अनारशांवर तर थापलेलीच असते. विमान बदलून पुढे जाणाऱ्यानेही विषाची परीक्षा घेऊ नये. तीच गोष्ट औषधांची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी तिथे नियंत्रित यादीत आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबरही डॉक्टरांची इंग्रजीत टाईप केलेली चिठ्ठी ठेवा. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवं.

प्रत्यक्ष रात्रीचं म्हणाल, तर सगळ्यात आधी थंडी. मे महिन्यात 44 अंशांतून निघालेला माणूस शाल कशाला घेईल? पण एसी असा असतो की पहाटे दात वाजतात. शाल, पायमोजे, कानटोपी वरच ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. खुर्च्यांना मध्ये हात असतात, त्यामुळे आडवं व्हायचं तर गालिचा असलेला कोपरा बघावा. जमिनीवर झोपायची लाज नको, तिथे सगळेच झोपतात. दोघं असाल तर पाळी लावा. भुसावळ स्टेशनावर रात्रभर भोंगा ओरडत असतो, इथे बऱ्याच मोठ्या विमानतळांवर हल्ली विमानाची घोषणाच करत नाहीत. गेटही आयत्या वेळी बदलतं, म्हणून फलक बघायची सवय हवी. भारताचं घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे असतं. मनगटावर एकच वेळ ठेवा आणि ती दुबईची.

इंग्रजी येत नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. मात्र खुर्चीवाला एखाद्या कक्षात सोडून तास-दोन तास फिरकत नाही, तेव्हा बोर्डिंग पास त्याच्याकडे देऊन बसू नका. नुसती सोबतच हवी असेल तर दुबईत ‘मरहबा’ ही पैसे भरून घ्यायची सेवा आहे.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की दुबईत व्हॉट्सअॅपवर कॉल सहसा लागत नाही, मेसेज जातात. नाहीतर जिजी इकडे काळजीत आणि अमळनेरहून भावाचा मेसेजवर मेसेज, “आते कोठे शे?” म्हणजे आता कुठे आहे?

विमान सुटायच्या दोन तास आधी तोंड धुऊन गेटकडे निघा. तिथलं अंतर आपल्या अंदाजात बसत नाही, काही गेटांना जायला विमानतळाच्या आतच छोटी रेल्वे धरावी लागते. तिला तिकीट नसतं. आमचे नाना तरी खिशात हात घालून उभे होते, टीसी आला तर असावं म्हणून.