आमची वाटचाल : रेडिओ रिपेअरिंगपासून मेजरमेंट टेबलापर्यंत

आमच्याकडे आलेला प्रत्येक होम थिएटर प्रोसेसर, म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा डबा, आधी मोजमापाच्या टेबलावर जातो आणि मगच कस्टमरच्या घरी लागतो, अगदी सीलबंद खोक्यातला नवाकोरा असला तरी. लोक विचारतात, कंपनीने स्पेसिफिकेशन छापलंय ना, मग तुम्ही परत कशाला मोजता? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बाबांचं गिरगावात रेडिओ-टेपरेकॉर्डर रिपेअरिंगचं दुकान होतं. मी आणि धाकटा भाऊ तिथेच सोल्डरिंग शिकलो, पार्ट आणायला लॅमिंग्टन रोडला चालत जायचो. दुरुस्त झालेला सेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी बाबा मीटर लावून चार ठिकाणचे व्होल्टेज वहीत उतरवायचे. म्हणायचे, "सेट उद्या परत आला तर आज काय होतं ते कळायला नको?" ती वह्यांची चळत अजून आमच्याकडे आहे आणि आमचा सगळा धंदा त्या सवयीतूनच उभा राहिलाय असं मला मनापासून वाटतं.

मग टेपरेकॉर्डर गेले, डीव्हीडी आणि फाइव्ह पॉइंट वनचे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सेट आले, आम्ही घरोघरी स्पीकर लावायला लागलो. 2014 मध्ये डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे छतातूनही आवाज देणारी पद्धत, घरच्या रिसीव्हरमध्ये (प्रोसेसर आणि अॅम्प एकाच डब्यात) आलं आणि काम एकदम बदललं, म्हणजे फॉल्स सीलिंगवाला, इंटिरियरवाला, इलेक्ट्रिशियन आणि आम्ही असे सगळे एकाच खोलीत. लोक रिसीव्हरच्या प्रीआउटला, म्हणजे बाहेरच्या अॅम्पसाठी सिग्नल काढायच्या जागेला, वेगळा पॉवर अॅम्प जोडायला लागले आणि तिथून एका प्रकारची तक्रार वारंवार यायला लागली, की एवढा मोठा अॅम्प घेतला तरी मोठ्या सीनला आवाज चिरकतो.

पार्ल्याच्या एका काकांकडचं उदाहरण सांगतो. अॅम्प दोनशे वॅटचा, स्पीकर उत्तम, वायरिंग आमचंच, आणि तरी व्हॉल्यूम वर गेला की सेंटर स्पीकर कर्कश. काका म्हणाले, "अरे, स्पीकर बदलूया का?" मी म्हटलं, काका, दोन दिवस द्या, रिसीव्हर घेऊन जातो. टेबलावर लावला, एक किलोहर्ट्झचा टोन दिला आणि व्हॉल्यूम हळूहळू चढवत प्रीआउटचं व्होल्टेज आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, बघत गेलो. साधारण 1.3 व्होल्टपर्यंत सगळं स्वच्छ आणि त्याच्या पुढे ग्राफ सरळ वर. आता हिशोब बघा. आठ ओहमला दोनशे वॅट काढायचे तर अॅम्पच्या आउटपुटला 40 व्होल्ट लागतात. त्यांच्या अॅम्पचा गेन 26 डीबी, म्हणजे वीसपट, म्हणून त्याला आत 2 व्होल्ट हवेत. रिसीव्हर 1.3 च्या पुढे दमत होता, त्यामुळे अॅम्पची पूर्ण ताकद कधी वापरातच येत नव्हती आणि बिचाऱ्या स्पीकरवर आळ. त्या मॉडेलला प्रीअॅम्प मोड होता, म्हणजे आतले अॅम्प सर्किटमधून बाजूला होतात, तो चालू केला आणि परत मोजलं तर 2 व्होल्टच्या वरही स्वच्छ. खर्च शून्य. तो मोड नसता तर 29 डीबी गेनचा अॅम्प बघायला लागला असता, त्याला तेवढ्याच वॅटला 1.4 व्होल्ट पुरतात. आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात एका जागी लिहिलेलं नसतं, प्रोसेसरचा आकडा एका कागदावर आणि अॅम्पचा दुसऱ्याच.

त्यानंतर आम्ही दोघा भावांनी ठरवलं की मोजणं हे फुकटातलं जास्तीचं काम नाही, हेच आपलं मुख्य काम. ऑडिओ प्रिसिजन या अमेरिकेतल्या कंपनीचे अॅनालायझर या कामात मापदंड समजले जातात, पण त्यांची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. मग चांगला अॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर, एक लो नॉइज लॅपटॉप सेटअप आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, यावर सुरुवात केली. आधी आपल्या उपकरणाचीच मर्यादा मोजायची, आउटपुट स्वतःच्याच इनपुटला जोडून, कारण मोजणारा मोजल्या जाणाऱ्यापेक्षा बराच स्वच्छ नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

टेबलावर काय करतो ते सांगतो, कारण लोकांना हेच जास्त विचारायचं असतं. कॉम्प्युटरमधून एचडीएमआयने मल्टिचॅनल सिग्नल जातो, रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज सुधारणारी सोय) बंद, सगळे स्पीकर लार्जवर म्हणजे खालचे सूर सबवूफरकडे वळवणारा क्रॉसओव्हर मध्ये येत नाही. स्क्रीनवर एक किलोहर्ट्झचा उंच सुळका दिसतो, त्याच्या उजवीकडे दोन, तीन, चार किलोहर्ट्झला छोटे सुळके, ते डिस्टॉर्शन, आणि डावीकडे 50, 100, 150 हर्ट्झला काही दिसलं तर ती पॉवर सप्लायची किंवा अर्थिंगची गुणगुण. मूळ टोन सोडून बाकीचं सगळं मिळून किती खाली आहे त्या आकड्याला सायनॅड म्हणतात. 80 डीबी म्हणजे 0.01 टक्का, साधारण तेरा बिटांएवढं. सीडीचे सोळा बिट म्हणजे 98 डीबी. म्हणजे डब्यावर 32 बिट डॅक (डिजिटलचा अॅनालॉग करणारा भाग) लिहिलेलं असताना प्रीआउटवर तेरा बिटच पोचत असतील तर कस्टमरला ते कळायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण फक्त सायनॅडच्या मागे लागू नका हेही आम्ही तितक्याच जोरात सांगतो. 100 च्या पुढचे आकडे घरात कोणाला ऐकू येत नाहीत, त्यासाठी लाखभर जास्त घालवू नयेत. सायलेन्समधला नॉइज मात्र बघायचाच. समजा प्रोसेसरचा नॉइज 100 मायक्रोव्होल्ट आहे, 29 डीबीच्या अॅम्पमधून तो 2.8 मिलिव्होल्ट होतो, आणि 90 डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) स्पीकरमधून एक मीटरवर 30 डीबी आवाज येतो. एसी चालू असलेल्या हॉलमध्ये सोफ्यावर तो जाणवणारही नाही, पण 100 डीबीचे हॉर्न स्पीकर असतील तर तोच 40 होतो आणि शांत सीनला सूं असा कानाशी राहतो. म्हणून आम्ही आधी विचारतो, स्पीकर कुठले?

याशिवाय 12 किलोहर्ट्झच्या टोनवर एचडीएमआयचा जिटर, म्हणजे डिजिटल सिग्नलच्या वेळेतली थरथर, बघतो, एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात गळतो का ते बघतो, आणि रूम करेक्शन चालू करून परत एक फेरी, कारण बऱ्याच प्रोसेसरमध्ये ते चालू केलं की आतलं सगळं काम 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर येतं आणि 96 किलोहर्ट्झची फाइल लावली तरी 48 च्या निम्म्या, म्हणजे 24 किलोहर्ट्झच्या पुढे काही उरत नाही. ऐकण्यात त्याने फरक पडतो असं मला वाटत नाही, आणि रूम करेक्शनचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे, पण रिपोर्टमध्ये आम्ही ते लिहितो.

आता वर्कशॉप गोरेगावला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात आहे. प्रोसेसरचं मोजमाप वायरवर होतं त्यामुळे बाहेरच्या हॉर्नचा, लोकलचा काही त्रास नाही, त्रास होतो शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या वेल्डिंग मशीनचा, ते चालू झालं की नॉइज फ्लोअरवर, म्हणजे ग्राफच्या तळाच्या नॉइजच्या रेषेवर, काटे उगवतात. माणूस फार चांगला, मोठं काम असलं की आम्हाला आधी सांगतो आणि नाजूक मापं आम्ही त्याच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा रविवारी घेतो. घरी माइक लावून खोली मोजायची असेल तर मात्र रात्री अकरानंतरच जातो, मुंबईत त्याला पर्याय नाही.

घरी गेल्यावर गुणगुण ऐकू आली तर पहिली केबल टीव्हीची वायर काढून बघतो, खूप वेळा अर्थ लूप, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, तिथूनच येतो. तिथे छोटा आयसोलेटर लावला की काम होतं, पण डिशच्या वायरवर साधा आयसोलेटर चालत नाही कारण वर डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणारा भाग) त्याच वायरने करंट जातो.

सध्या आमच्याकडे दुसरे इन्स्टॉलर आणि इंटिरियरवालेही खरेदीच्या आधी मशीन पाठवतात याचा फार आनंद आहे. रिपोर्ट मराठीत देतो, ग्राफसकट, आणि फोनवर वेळ काढून समजावतो. मशीन आणताना रिमोट नक्की आणा, काही सेटिंग त्याच्याशिवाय उघडत नाहीत, फर्मवेअरचा (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) नंबर लिहून ठेवा आणि सोबत अॅम्पचं आणि स्पीकरचं मॉडेल सांगा. सगळे चॅनल मोजायला पूर्ण दिवस जातो, त्यामुळे सकाळी आणून दिलेलं बरं.